तपास माझ्याकडेच होता

पोलिसांनी माझी मदत मागितली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. फौजदारसाहेबांनी पुढे हाच मुद्दा बऱ्याच मोठ्या आवाजात मांडला, आणि तेव्हा ऐकणारे पुष्कळ होते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. खानापूर तालुका. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी इथे प्यायलाही टँकर लागायचा. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. सराफांचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, असा हा धंदा. त्यामुळे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोईमतूर आहे, कानपूर आहे, गुवाहाटी आहे आणि गाव मात्र जेमतेम आहे. जे गावात राहतात त्यांना गावची बातमी मोबाइलवर वाचावी लागत नाही. मी पुण्यात असतो. बँकेतून निवृत्त झालोय, म्हणजे ग्रुपवर पूर्णवेळ आहे.

एका सकाळी धाकट्याचा निरोप आला. ‘आबा काल सकाळपासून घरी नाहीत. फोन बंद लागतोय. कुणाकडे आले असतील तर कळवा.’

आबा म्हणजे माझे चुलत चुलते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. डोक्याला टोपी, कमरेला मिश्रीची डबी, आणि चष्म्याची एक काडी तुटली म्हणून तिथे सुतळी बांधून ती कानामागून फिरवलेली. थोरला मुलगा कोईमतूरला गलाईत, धाकटा गावात शेती बघतो. आबा कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाचं काय झालं असेल? कानपूरहून लगेच उत्तर आलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याला ‘अरे, नुसते हरवलेत’ असं कळवेपर्यंत आणखी तिघांनी फुलं वाहून टाकली होती.

असला गोंधळ बघून कुणीतरी सूत्रं हाती घेणं भाग होतं.

माझी पात्रता कुणी विचारली नाही, तरी सांगतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या आमच्या वाचनालयात जेवढ्या होत्या तेवढ्या मी मिसरूड फुटायच्या आत संपवल्या. टीव्हीवरची सीआयडी मालिका 1998 ला सुरू झाली तेव्हापासून बघतोय, तीही शेवटच्या पाच मिनिटांआधी गुन्हेगार ओळखून. शिवाय आंतरराष्ट्रीय अनुभव आहे. जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, सेंट मायकल्स ऑन वायर नावाच्या खेड्यातून एक बाई नाहीशी झाली होती. सकाळी मुलींना शाळेत सोडून ती कुत्र्याला घेऊन नदीकाठी फिरायला गेली. बाकावर तिचा फोन सापडला. त्यावर ऑफिसची मीटिंग अजून चालूच होती. कुत्रं जवळच मोकळं हिंडत होतं. बाईचा पत्ता नाही. पोलीस म्हणत होते, नदीत पडली असावी. त्यावर जगभरातल्या निवांत माणसांनी हा तपास हातात घेतला. पुण्यातून मी होतोच. त्या नदीचा काठ मला मुठेच्या काठापेक्षा जास्त पाठ झाला होता. ती नदीत नाही, असं मी पुराव्यानिशी मांडलं होतं. हौशी मंडळी तर मोबाइल रोखून थेट त्या खेड्यात उतरली. लोकांच्या आवारात शिरणं, रानात खणाखणी, असे सगळे प्रकार झाले. शेवटी त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांना खास आदेश काढावे लागले. 19 फेब्रुवारीला ती सापडली. त्याच नदीत, खाली मैलभर अंतरावर. पाण्यात पडून अपघाती मृत्यू, असा निर्णय पुढे जूनमध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिला.

पण लँकेशायरची माती मला परकी. खानापूर तालुक्याचं तसं नव्हतं.

पहिला सल्ला मी असा दिला की पोलिसांत जायची घाई करू नका, चोवीस तास झाल्याशिवाय ते तक्रार घेत नाहीत. हे मी इतक्या सिनेमांत ऐकलंय की ते कायद्याच्या पुस्तकात असणारच. धाकटा माझा निरोप वाचायच्या आधीच ठाण्यात पोचला होता आणि हवालदारांनी ‘मिसिंग’ची नोंद करून घेतली होती. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण, फोटो. चोवीस तासांचा असा काही नियमच नाही, असं कळलं. उलट हरवलेलं माणूस अठरा वर्षांच्या आतलं असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगून ठेवलंय. सिनेमावाल्यांनी हे कळवायला हवं होतं.

मग टॉवर आला. आबांच्या फोनचं शेवटचं लोकेशन शेजारच्या वाडीच्या टॉवरला दाखवतंय, असं गुवाहाटीच्या भाच्याने टाकलं. त्याचा कुणी मित्र मोबाइल कंपनीत आहे. ही माहिती पोलिसांनी रीतसर मागवावी लागते, मित्राने मित्राला द्यायची नसते. पण आम्ही त्या खोलात शिरलो नाही. मी ताबडतोब आदेश सोडला, ‘टॉवरकडे माणसं पाठवा.’ धाकटा चार पोरं घेऊन बॅटऱ्या मारत रात्री टॉवरखाली पोचला. तिथे आबा नव्हते. वॉचमन होता, आणि तो यांना डिझेलचोर समजला. पुढे फौजदारसाहेबांनी मला समजावलं की गावाकडे टॉवर लांब लांब असतात आणि एकेक टॉवर कित्येक किलोमीटरचा मुलूख सांभाळतो. लोकेशन त्या टॉवरला आहे याचा अर्थ एवढाच, की फोन बंद पडला तेव्हा माणूस त्या मुलखात कुठेतरी होता. शेतात, घरात, नाहीतर रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत. ‘गाडीत’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. पण ते नंतर.

तोवर मी आकाशातून पाहणी सुरू केली होती. नकाशावर उपग्रहाचं चित्र मोठं करत करत आमचं शिवार काढलं. कालव्याच्या अलीकडे एक शेततळं दिसलं. शेततळ्याची भीती खोटी नाही. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, कड तिरपी असते, आणि शेवाळ धरलं की अशी निसरडी होते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून शहाणे शेतकरी काठावरून दोर सोडून ठेवतात. या तळ्याच्या कडेला मला एक पांढरा ठिपका दिसला. धोतर! मी त्याभोवती लाल गोल काढून चित्र ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांत कोईमतूर म्हणालं, ‘काका, नजर मानली.’ गुवाहाटीला पाय दिसले. कानपूरला टोपी दिसली आणि त्याने पुन्हा फुलं वाहिली.

दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेला धाकटा दोर घेऊन धावत तिथे गेला. तळं कोरडं होतं. कागद फाटला म्हणून यंदा भरलंच नव्हतं. मग कुणीतरी माझ्याच चित्रात आमचं घर शोधून काढलं आणि त्यावर दुसरा लाल गोल काढून विचारलं, की घराला कौलं कशी? स्लॅब पडून दोन दिवाळ्या झाल्या. वास्तुशांतीच्या पंगतीत मी स्वतः बुंदी वाढली होती. म्हणजे तो उपग्रह आकाशात उभा राहून आमच्या गावावर लक्ष ठेवत नव्हता. ते चित्र जुनं होतं आणि ठिपका खताच्या पोत्याचा होता. तरीही पोतं मी अचूक हेरलं होतं, याची नोंद कुणी घेतली नाही.

याच सुमाराला कोईमतूरच्या थोरल्याने एका देवऋष्याला गाठलं. देवऋषी म्हणाला, हरवलेल्याची टोपी आणा. मी ग्रुपवर अंधश्रद्धेवर परखड लिहिलं. मग सहज आठवलं, की 1926 च्या डिसेंबरात रहस्यकथांची राणी ॲगाथा ख्रिस्ती अकरा दिवस नाहीशी झाली होती, तेव्हा शेरलॉक होम्सच्या बापाने, साक्षात आर्थर कॉनन डॉयलने, तिचा हातमोजा नेऊन एका मांत्रिकाच्या हाती दिला होता. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सबाईसुद्धा घटनास्थळ बघून आल्या होत्या. सरे परगण्यात बाईंची मोटार बेवारस सापडली, पोलिसांनी तळी उपसली, हजारो माणसांनी माळ तुडवले. आणि बाई कुठे, तर दूर हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावाने उतरलेल्या. त्यांना ओळखलं कुणी? त्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवणाऱ्या बँडवाल्यांनी. हा किस्साही मी ग्रुपवर टाकणार होतो, पण त्यात तपास करणाऱ्यांची बाजू जरा लंगडी पडते, म्हणून राहिलं.

खरा धागा तिसऱ्या दिवशी हाती आला. हवालदारांनी धाकट्याला एक साधा प्रश्न विचारला होता, ‘घरातून काय काय गेलंय बघा.’ त्याने बघितलं. टॉवेल, मिश्रीची डबी, आधार कार्ड आणि रेशनकार्ड जागेवर नव्हतं. ‘जीव द्यायला निघालेला माणूस मिश्री नेत नाही,’ असं कानपूर म्हणालं. त्याच्याकडून आलेलं हे एकमेव शहाणं वाक्य. पण माझी नजर आधार कार्डावर. आधार कार्ड कशाला लागतं? खरेदीखताला! दुय्यम निबंधकाकडे अंगठा द्यायला! आबांच्या दक्षिणेच्या बांधावरून भाऊबंदाशी जुना वाद आहे. बांध दर नांगरटीला वीतभर सरकतो, असं आबा म्हणतात. सगळं जुळलं. मी सविस्तर लिहिलं. हेतू, संधी, साधन. भाऊबंदाचं नाव घातलं. सातबाराचा गट नंबरसुद्धा घातला, भारदस्त वाटावं म्हणून.

भाऊबंद ग्रुपवर होता. त्याच्या डीपीला खिलार बैल असल्यामुळे तो माणूस आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याचं उत्तर आलं, ‘दोन दिस झालं पाटाच्या कडंनं आबास्नी हुडकतोय. पायाचं पार कातडं निघालं. तुमी पुण्यात पंख्याखाली बसून माजं नाव घेताय व्हय?’

ग्रुप एकदम गार पडला. मी मात्र मनातल्या मनात आणखी एक टीप केली. शोधात सर्वांत पुढे असणं हे गुन्हेगाराचं ठरलेलं लक्षण आहे.

आता प्रत्यक्ष जागेवर जाणं आलंच. मी एसटीने निघालो. थेट गावात न उतरता अलीकडे, टॉवरवाल्या वाडीच्या फाट्यावर उतरलो. तपास गुप्त ठेवायचा होता. काळा चष्मा, टोपी, खांद्याला बॅग. बॅगेत बॅटरी, शेततळ्याच्या विचाराने घेतलेली दोरी, आणि धाकट्याच्या मुलांसाठी चॉकलेटांचं पाकीट. शाळा सुटायची वेळ होती. मुलं खरं बोलतात, असं मी कुठेतरी वाचलंय. म्हणून चिंचेखाली खेळणाऱ्या पोरांना गोळा केलं, आबांचा फोटो दाखवला आणि पोरं लाजायला लागली तेव्हा चॉकलेटं काढली.

मोटारसायकलवरून एक तरुण आला. गाडी बंद न करताच म्हणाला, ‘काय ओ, कुणाला हुडकताय?’

‘तपास चाललाय.’

‘कसला?’

‘ते सांगता येणार नाही.’

माझ्या आयुष्यात एवढ्या थोडक्या शब्दांनी एवढी माणसं कधी गोळा झाली नव्हती. निवृत्तीच्या भाषणालासुद्धा नाही. कुणीतरी बॅग उघडली. दोरी, बॅटरी आणि चॉकलेटं एकाशेजारी एक मांडली, की मलाही त्यांतून एकच अर्थ निघताना दिसला. ‘पोरं पळवणारा’ हे शब्द कुणाच्या तोंडून आले ते कळलं नाही, पण त्यानंतर माझ्या शर्टाची कॉलर माझ्या ताब्यात नव्हती. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. ‘मग हितं कशाला उतरलासा?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात पोलीस पाटील आल्या. हो, बाई. चाळिशीच्या, हाताला कणीक लागलेली. त्यांनी मला दंडाला धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत घातलं, आतून कडी लावली, दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि ठाण्याला फोन लावला.

इथपर्यंत मला हा प्रकार अपमानाचा वाटत होता. खोलीत बसल्यावर राईनपाडा आठवला. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाइलवर महिनाभर फिरत होते. एका लहान मुलीशी बोलताना त्यांतल्या एकाला लोकांनी पाहिलं, एवढं पुरलं. त्यांनाही ग्रामपंचायतीच्याच खोलीत नेलं होतं. पाचही जण तिथे ठेचून मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलण्यावर बंदी घातली. बाहेर आवाज वाढत होता. बाईंची पाठ दारावरून हलली नाही. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मागनं देते. आत्ता दार उघडायचं न्हाय.’

खिशात फोन थरथरला. आमचाच ग्रुप. गुवाहाटीच्या भाच्याने एक फोटो टाकला होता. ‘सावधान! हा इसम आपल्या भागात मुलांना चॉकलेट देताना रंगेहाथ सापडला आहे. जास्तीत जास्त शेअर करा.’ चिंच, काळा चष्मा, टोपी, आणि मी. कोईमतूर म्हणालं, ‘नजर बघा, सराईत आहे.’ कानपूर म्हणालं, ‘आबांना यानंच गायब केलं नसेल कशावरून?’ आणि खाली बैल. बैलाने फक्त हसण्याचं चित्र टाकलं होतं. गर्दीत मला ओळखणारा तेवढाच एक निघाला.

फौजदारसाहेब आले तेव्हा त्यांनी आधी बाहेरच्यांना घरी पाठवलं, मग माझ्याकडे वळले. त्यांचं बोलणं मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की टॉवर म्हणजे काय, उपग्रह म्हणजे काय आणि निवृत्त माणसाने सकाळी फिरायला का जावं, हे तिन्ही विषय त्यात आले. शेवटी म्हणाले, ‘आणि तुमचे आबा सापडलेत.’

सापडले ते असे. आधार कार्ड, रेशनकार्ड, टॉवेल. हवालदार ही यादी डोक्यात घोळवत स्टँडवर चहाला थांबले होते. टपरीशेजारच्या खांबाला एक बॅनर लटकत होता. मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर, रुग्णांची ने-आण मोफत, येताना आधार कार्ड आणि रेशनकार्ड आणावे. त्यांनी चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, ‘व्हय की. सुतळीच्या चष्म्याचं आबा. सोमवारच्या गाडीनं गेलं. माज्याच हातचा च्या पिऊन बसलं गाडीत.’ हवालदारांनी बॅनरवरच्या नंबरला फोन लावला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्या दवाखान्यात आबा डोळ्याला पट्टी लावून शिरा खात होते. फोनची बॅटरी वाटेतच उतरली होती. धाकट्याला सांगून का गेले नाहीत? दोन वर्षं त्याला म्हणत होते की डोळ्याचं बघ, आणि तो म्हणत होता, डाळिंबाचे पैसे येऊ द्या.

चहावाला गावातच असतो, पण ग्रुपवर नाही. त्याच्याकडे बटणांचा फोन आहे.

त्या शिबिराचं पत्रक आठवडाभर आधी ग्रुपवरही आलं होतं. ते टाकणारा मीच. ‘अत्यंत उपयुक्त, गरजूंनी लाभ घ्यावा,’ असं वर लिहून. फौजदारसाहेबांनी मला ते माझ्याच फोनवर काढून दाखवलं. माझं म्हणणं असं की तपासाची दिशा सर्वांत आधी मीच दिली होती, फक्त जरा जास्तच आधी.

पण खरी मौज घरी कळली. आबांची बायको, आमची जिजी, तिला ऐकू कमी येतं आणि काळीज नाजूक आहे, म्हणून आबा हरवलेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. धक्का बसेल म्हणून. भावकीतल्या बायका रोज तोंडं पाडून यायच्या, तिचा हात धरून म्हणायच्या, ‘हुईल सगळं चांगलं.’ त्यावर जिजी म्हणायची, ‘व्हय, त्येंचा हातगुण चांगला हाय म्हणत्यात.’ बायकांना वाटायचं, फौजदारांचा हातगुण. जिजी डॉक्टरबद्दल बोलत होती. आबांच्या पिशवीत टॉवेल आणि मिश्री तिनेच भरून दिली होती. घरात रोज रात्री पोरं बॅटऱ्या घेऊन बाहेर का पडतात, हे तिला कळत नव्हतं. तिला वाटलं, डुकरं लागलीत मक्याला.

आबा दोन दिवसांनी शिबिराच्या गाडीने आले. हिरवा-काळा मोठा चष्मा, सुतळी गेलेली. ओसरीवर बसून त्यांनी एकेकाचं तोंड निरखून बघितलं. माझ्यापाशी थांबले. ‘लई म्हातारा दिसाय लागलास रं,’ म्हणाले. मग दक्षिणेच्या बांधाकडे बघत बसले. थोड्या वेळाने भाऊबंदाला हाक मारून म्हणाले, ‘बांध सरकलाय. आता चांगला दिसतोय मला.’ भाऊबंदाने माझ्याकडे बघितलं. मी गुडघा चोळत आत गेलो.

झाला तो उजवा डोळा. डाव्यासाठी महिन्याभराने बोलावलंय. त्या दिवसांत आबा घरी दिसणार नाहीत. ग्रुपवरच्या आणि बाहेरच्याही सर्वांना विनंती, की तेव्हा धाकट्याच्या नंबरला फोन लावून आधी जिजीला विचारावं. जरा मोठ्याने बोलावं लागेल.